मदत हवी आहे: क्रोशाच्या सुपरमॅनचं डोकं केळफुलासारखं होतंय

लोकरगुंता

नमस्कार मंडळी. लिहिणं जरा लांबलंय, पण आता हात टेकलेत म्हणून सगळंच सांगते.

पंचवीस वर्षं क्रोशे करतेय. म्हणजे रुमाल, तोरणं, दुधाच्या पातेल्यावरची मणी लावलेली झाकणं, टीव्हीवर टाकायचा पडदा (टीव्ही भिंतीवर चढला आणि पडदा माळ्यावर गेला). सगळं सपाट काम. आत भरून करायची बाहुली आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतली.

भाच्याचा पाचवा वाढदिवस पंधरा दिवसांवर आलाय. त्याला वीतभर उंचीचा सुपरमॅन हवाय, तोही "दुकानातला नको, आत्याने केलेला". माझी नणंद लेस्टरला असते. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिला विणलेल्या बाहुल्यांचं एक पुस्तक मिळालं, त्यातल्या पानांचे फोटो तिने पाठवले. सुरुवातीलाच लिहिलंय की टेन्शनची फार काळजी करू नका. वाचून बरं वाटलं होतं.

कृती अशी: गोलात ६ डीसी, पुढच्या फेरीत १२, मग १८, २४, ३०, ३६. मग ७ फेऱ्या तशाच, मग कमी करत १२ पर्यंत यायचं. सुपरमॅन डीसी कॉमिक्सचा म्हणून जागोजागी डीसी छापलंय की काय, असं आधी वाटलं. हसू नका. मग यूट्यूबवर पाहिलं, तर डीसी म्हणजे डबल क्रोशे, म्हणजे आपला खांब. खांब तर मी झोपेतही घालते.

पण डोकं गोल होतच नाहीये! लांबच लांब, टोकाला निमुळतं, अगदी केळफूल. दोनदा उसवलं, टाके चारदा मोजले, ३६ म्हणजे ३६च आहेत. शिवाय आत भरलेला कापूस खांबांच्या फटींतून बाहेर डोकावतोय. लोकर ४ प्लायची अॅक्रिलिक, सुई ३.५ मिमी. कुठे चुकतंय?

सवडशास्त्री

वाचतोय. विणकामातलं काही कळत नाही, पण केळफुलाची भाजी उत्तम करतो. लागल्यास कळवा.

दोन सुया

सुई फार जाड आहे. लोकरीच्या वेष्टनावर जो नंबर असतो तो स्वेटरसाठी असतो. बाहुलीला त्याहून एक-दोन नंबर बारीक घ्यायची, वीण घट्ट यायला हवी. ४ प्लायला मी २.५ वापरते. हात दुखतो, पण फटी राहत नाहीत.

लोकरगुंता

@दोन सुया, धन्यवाद. २.५ ने परत केलं. फटी कमी झाल्या, पण केळफूल ते केळफूलच. आता पट्टीने मोजलं: रुंदी जेमतेम ५ सेंमी, उंची १४.

जाळीची काकू

अगं थांब, परत उसवू नकोस. आधी दोन गोष्टी बघून सांग. एक, त्या पानांवर कुठेही "एससी" लिहिलंय का? दोन, टाका सोडायला सांगताना "स्किप" लिहिलंय की "मिस"?

लोकरगुंता

काकू, एससी एकाही पानावर नाही. आणि हो, बुटाच्या कृतीत "मिस १" आहे! मला ती छपाईची चूक वाटली होती.

जाळीची काकू

मग सापडलं. तुझे टाके बरोबर आहेत, भाषा चुकली. पुस्तक ब्रिटिश आहे.

अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश डबल क्रोशे म्हणतात. आणि अमेरिकन डबल क्रोशे, म्हणजे आपला खांब, तो ब्रिटिश पुस्तकात ट्रेबल होतो. सगळी नावं अशी एकेक पायरी सरकलेली. ब्रिटिश कृतीत सिंगल क्रोशे हा शब्द सहसा येत नाही, म्हणून एससी विचारलं. "मिस" ही दुसरी खूण. तिसरी तू स्वतःच लिहिली होतीस, टेन्शन. विणीच्या घट्टपणाला ते टेन्शन म्हणतात, अमेरिकन गेज म्हणतात. यूट्यूबवरच्या बऱ्याच बायका अमेरिकन नावं वापरतात, तिथे तुझी गाडी चुकीच्या रुळावर गेली.

तेव्हा तुझ्या पानांवरचा डीसी म्हणजे मुका खांब. मुका या शब्दावरूनही घराघरांत वाद असतात, म्हणून कृतीच लिहिते: सुईवर वेढा घ्यायचा नाही. सुई टाक्यात घालायची, दोरा ओढून घ्यायचा, सुईवर दोन फासे झाले की परत दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढायचा. झालं.

आता केळफूल का झालं ते सांगते. मुका खांब जवळजवळ जितका रुंद तितकाच उंच, म्हणून गोलात ६ घालून दर फेरीला ६ वाढवले की चकती सपाट बसते. खांब दुपटी-तिपटीने उंच. तो सपाट बसायला सुरुवातीला १२ लागतात आणि दर फेरीला १२ वाढवावे लागतात. (तुझ्या रुमालांच्या मधोमध किती खांब असतात ते आठव.) तू खांब घालून वाढ मात्र ६-६ची केलीस. घेर तेवढाच राहिला, उंची वाढत गेली. त्याच फेऱ्या मुक्या खांबाने घाल, ५ सेंमीच्या आसपास गोल डोकं येईल.

लोकरगुंता

काकू!!! रुमालांच्या मधोमध १२च असतात. पंचवीस वर्षं घालतेय आणि का ते आज कळलं.

आता उसवते. पण तीनदा उसवलेली लोकर मॅगीसारखी झालीय. इस्त्री फिरवू का?

जाळीची काकू

अजिबात नको! अॅक्रिलिकला इस्त्री लागली की लोकर मरते, लोळागोळा होते आणि परत कधी फुलत नाही. खुर्चीच्या पाठीला सैल गुंडाळ, दोन-तीन ठिकाणी बांध, पाण्यात बुडवून वाळत घाल. थोडी कुरळी राहिली तरी हरकत नाही, घट्ट विणीत दिसत नाही.

दोन सुया

काकूंनी मुद्द्याचं सांगितलंच आहे, माझी थोडी भर. या प्रकाराला अमिगुरुमी म्हणतात. शब्द जपानी, विणलेली भरीव बाहुली असा अर्थ. यात फेरी जोडायची नसते, गोगलगायीसारखं फिरत राहायचं. म्हणून फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा, नाहीतर सातव्या फेरीला भ्रम होतो.

आणि सुलट बाजू बाहेर आहे ना? बाहेरून इंग्रजी व्हीसारखे टाके दिसायला हवेत. आडव्या दांड्या दिसत असतील तर वाटी उलटी झालीय. नवशिक्यांची हमखास होते. मी एक अख्खा ससा उलटा केला होता, तो अजून फ्रिजवर बसलाय.

कमी करताना दोन टाक्यांचे फक्त पुढचे पदर सुईवर घ्या आणि एक मुका खांब करा. खड्डा पडत नाही.

कॉमिकचा किडा

ताई, विणकामातला मी नाही, पण मूळ प्रश्न कुणीच विचारला नाही. लाल चड्डी आहे की नाही?

लोकरगुंता

@कॉमिकचा किडा, त्यावर घरात युद्ध चालू आहे. पुस्तकात आहे. भाऊ म्हणतो, "आताच्या सुपरमॅनला चड्डी नसते". भाच्याला विचारलं तर तो आंघोळीला पळाला.

कॉमिकचा किडा

भाऊंची माहिती अर्धी आहे. जून १९३८च्या पहिल्या अंकापासून चड्डी आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोघांनी तो निर्माण केला. तेव्हाच्या सर्कशीतल्या पहिलवानांच्या वेषावरून ती आली असं सांगतात. २०११मध्ये कॉमिकवाल्यांनी सगळं नव्याने सुरू केलं तेव्हा ती काढली आणि २०१८मध्ये १०००व्या अंकात परत आणली. चड्डी हवीच. तिच्याशिवाय तो निळ्या ट्रॅकसूटमधला पीटीचा मास्तर वाटतो.

जाळीची काकू

चड्डी ठेव, विणायलाही तीच सोपी पडते. वेगळी करून शिवायची नाही. लाल बुटापासून सुरू करून निळा पाय वर आण आणि पहिल्या पायाचा दोरा तोड. दुसरा पाय झाला की दोरा न तोडता एक-दोन साखळ्या घालून पहिला पाय जोड आणि दोन्हींभोवती फिरत रहा. ही जोडणारी फेरी लाल घेतलीस की चड्डी आपोआप सुरू होते. लाल चार फेऱ्या, पट्ट्याची पिवळी एक, मग निळं.

रंग बदलताना जुन्या रंगाच्या शेवटच्या टाक्यात दोन फासे राहिले की तिथेच नवा रंग घेऊन ओढ. टाका पूर्ण करून बदललास तर त्या टाक्याच्या डोक्यावर जुना रंग राहतो. फिरत्या विणीत रंग बदलला की एक पायरी दिसतेच, ती काढायच्या भानगडीत पडू नकोस. ती पाठीवर येऊ दे, वरून केप आहे.

मानेला मात्र पुस्तकाचं ऐकू नकोस. ते १२ टाक्यांवर आणायला सांगतंय, एवढ्या बारीक मानेवर डोकं लोंबकळतं. १८वर थांब, डोकं न तोडता तिथूनच खांदे वाढव आणि मान ठासून भर.

आणि भरायला घरचा कापूस नको. धुतला की गोळे होतात आणि लवकर वाळत नाही. गादीवाल्याकडे उशीत भरायचा फायबर मिळतो, तो पिंजून थोडा थोडा घाल.

लोकरगुंता

फायबर आणला. गादीवाल्याने कशाला हवाय विचारलं. "सुपरमॅनच्या मानेत भरायला" म्हटल्यावर मूठभर जास्त दिला.

डोळे? दुकानात मागून चकती बसवायचे काळे प्लॅस्टिकचे मिळाले, सुरेख आहेत.

दोन सुया

घरात त्याहून लहान कुणी आहे का?

लोकरगुंता

भाची, दहा महिन्यांची. दिसेल ते तोंडात.

दोन सुया

मग प्लॅस्टिकचे नकोतच. नाव सेफ्टी आइज असलं तरी तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नयेत. काळ्या दोऱ्याचे चार-पाच आडवे टाके एकावर एक घाला. छातीवरची ढालही चिकटवू नका. पिवळ्या फेल्टचा तुकडा कापून कडेने शिवा आणि त्यावर लाल साखळी टाक्याने एस भरा. केपला गळ्यात बांधायची नाडी नको, खांद्यांना शिवून टाका.

लोकरगुंता

ताजी खबर: डोकं गोल आलं! ५ सेंमीला दोरा कमी. घरातल्या प्रत्येकाच्या हातात देऊन झालं. चड्डीही झाली, पायरी पाठीवरच आली.

पण केपची पंचाईत आहे. मुक्या खांबाने केली तर पुठ्ठ्यासारखी ताठ उभी राहते. उडतोय असं वाटत नाही, पाठीला पाट बांधलाय असं वाटतं.

जाळीची काकू

केपला तुझे खांब घाल. ३.५ची सुई काढ आणि सैल हाताने, उलटसुलट ओळी. मऊ पडेल.

कपाळावरची केसांची बट विसरू नकोस. काळ्या ८ साखळ्या, परत येताना प्रत्येकीत २-२ मुके खांब. आपोआप पिळा पडतो.

लोकरगुंता

केप अर्ध्या तासात झाली, एकदाही उसवावी लागली नाही. बटही वळली.

एकच बूट दुसऱ्यापेक्षा मोठा झालाय. मोजून पाहिलं तर "मिस १"वाला टाका एका पायात सोडलाय, दुसऱ्यात सोडायचा राहिलाय. हातात अजून तीन दिवस आहेत. पण पाय आता धडाला जोडलेला आहे, बूट खालून उसवता येतो का?

जाळीची काकू

खालून उसवत नाही. कुठला मोठा झालाय, डावा की उजवा? डावा असेल तर तो गुडघ्यात वाकवून दोन टाके मार. उडताना एक पाय मागे असतोच.