सवाईला बैठकीत जागा कुठे धरायची? (सोसायटीच्या ग्रुपवरून)

डी-२०१: नमस्कार मंडळी. या शनिवारी आम्ही चौघं पहिल्यांदाच सवाईला, म्हणजे पुण्यातल्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला चाललोय. भारतीय बैठकीची (खाली मांडी घालून बसायची) तिकिटं आहेत. स्टेजच्या अगदी पुढ्यात बसायचंय. किती वाजता पोचावं?

बी-५०२ काका: शनिवारचं सत्र सहसा दुपारी ४ ला सुरू होऊन रात्री १२ पर्यंत चालतं. बाकी दिवशी १० ला संपतं. उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री १० नंतर बंद ठेवायचा नियम २००० सालचा. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, ती आपल्याला शनिवारी मिळते. सुट्टीचा दिवस, त्यात दोन तास जास्त, म्हणून पाच दिवसांत शनिवारची गर्दी सगळ्यात मोठी. अडीचला रांगेत उभे राहा. साडेतीनला पोचलात तर बैठक मिळेल, पण मागची.

डी-२०१: रमणबागेजवळ पार्किंग कुठे मिळेल?

बी-५०२ काका: रमणबाग सुटून बरीच वर्षं झाली! २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात. गाडी नकोच. वनाजहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला (आता नाव जिल्हा न्यायालय) बदलायची, स्वारगेटला उतरून रिक्षा. येताना मात्र मेट्रोच्या भरवशावर राहू नका, शेवटच्या गाडीची वेळ आधी बघा. चौघं आहात, परतीची गाडी आधीच सांगून ठेवा. १२ वाजता सगळा मांडव एकदम बाहेर पडतो.

सी-१०४: काका, वेळ सांगितलीत, पण मूळ प्रश्नच चुकलाय. स्टेजच्या पुढ्यात कशाला बसायचं? तिथे आवाज सगळ्यात वाईट.

डी-२०१: म्हणजे? जवळून चांगलं ऐकू येत नाही?

सी-१०४: एवढ्या मोठ्या मांडवात आपण गळा ऐकत नाही, स्पीकर ऐकतो. ते स्टेजच्या दोन बाजूंना असतात आणि त्यांचं तोंड मागच्या गर्दीकडे असतं. वरच्या पट्टीतले आवाज, म्हणजे तानपुऱ्याची जवारी (तारेचा झंकार), सारंगीची धार, बंदिशीतले स, श, च, हे सरळ रेषेत जातात. खर्ज (खालचे सूर) आणि डग्ग्याची घुमक मात्र सगळीकडे पसरते. स्टेजला चिकटून मधोमध बसलात तर दोन्ही स्पीकर तुमच्या डोक्यावरून किंवा बाजूने निघून जातात. तुमच्या वाट्याला येते ती नुसती घुमक, आणि कलाकारांसाठी स्टेजवर ठेवलेल्या मॉनिटरची पाठ. पुढच्या कडेला छोटे स्पीकर ठेवलेले असले तर थोडं सावरतं, एवढंच.

सी-१०४: आणि एका बाजूच्या स्पीकरसमोर बसलात तर त्याहून वाईट. सहा-सात तास एकाच कानात.

ए-३०१ काकू: मग बसायचं कुठे ते सांग की, नुसतं घाबरवू नकोस पोराला.

सी-१०४: काकू, मिक्सरचं टेबल शोधायचं. ते सहसा मध्यरेषेच्या आसपास, बरंच मागे असतं. ध्वनिव्यवस्था बघणारा माणूस तिथे त्याला जसं ऐकू येतं तसा आवाज लावतो. त्या टेबलापासून स्टेजकडे सरकत जा, मध्यरेषा सोडू नका. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच स्टेजपासून मागे बसलात की दोन्हीकडचा आवाज नीट जुळतो. स्पीकर एकमेकांपासून ४० फूट लांब असले तर तुम्ही ३५ ते ४० फुटांवर.

डी-२०१: पण ४० फुटांवरून दिसणार काय?

ए-७०३: जवळून जास्त दिसतं हा गैरसमज. हिशोब करू. स्टेज ४ फूट उंच धरा. मांडी घालून बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर. फरक दीड फूट. कलाकार स्टेजच्या कडेपासून ६ फूट आत बसलाय. तुम्ही कडेपासून १० फुटांवर असाल तर स्टेजची कड तुमच्यापासून किती झाकते? दीड गुणिले ६ भागिले १०, म्हणजे ०.९ फूट. ११ इंच! तबल्याची उंची साधारण तेवढीच. तबला, डग्गा दोन्ही गायब, दिसणार तबलजींचे खांदे. २० फुटांवर साडेपाच इंच झाकतात, ३० फुटांवर साडेतीन.

बी-५०२ काका: गायनाला चौथरा घातलेला असतो ना रे. नऊ इंचाचा चौथरा असला तर तुझे ११ इंच जवळजवळ वसूल.

ए-७०३: बरोबर, पण कथ्थकला चौथरा नसतो काका. नर्तकी पुढे येऊन कडेपासून ४ फुटांवर आली तरी १० फुटांवरच्या माणसाला तिच्या पावलापासून वरचे ७ इंच दिसत नाहीत. म्हणजे घुंगरू ऐकायचे, बघायचे नाहीत. त्या दिवशी नृत्य असेल तर २५ फुटांच्या आत बसूच नका.

सोसायटी ऑफिस: सूचना. उद्या टाकी सफाई आहे. सकाळी ११ ते दुपारी ३ पाणी बंद राहील.

ए-३०१ काकू: बघा, तानपुरा लागतोय तोवर टाकी आलीच मध्ये.

डी-२०१: मग २५ ते ४० फूट, मधोमध. पण गर्दीत मधोमध बसणं जमेल?

बी-५०२ काका: अगदी मध्यरेषेवर हट्ट नको. तिथे व्हिडिओ कॅमेऱ्याचा मंच असतो. त्याच्या मागे बसलात तर पाच तास तिपाई आणि कॅमेरामनची पाठ. एक तर त्याच्या पुढे बसा, नाहीतर मध्यापासून ८-१० फूट बाजूला सरका. सतरंजी टाकायच्या आधी खाली बसून बघा. उभं राहून बघितलं की मांडवाचा खांब आड येत नाही असं वाटतं, बसलं की नेमका गायकाच्या तोंडावर येतो.

बी-५०२ काका: आणि डावी की उजवी, तेही ठरवा. गायकाच्या उजव्या हाताला बहुधा तबला, डाव्या हाताला पेटी. म्हणजे समोरून बघताना तबला आपल्या डावीकडे. तबलजी थोडे गायकाकडे वळून बसतात, म्हणून त्यांचे हात नीट दिसतात ते आपल्या उजव्या अंगाला बसलेल्याला. लोक नेमके उलट करतात, तबला बघायचा म्हणून डावीकडे जाऊन बसतात आणि तबलजींची कड बघत राहतात. सतारीलाही उजवी बाजू चांगली. दांडी तिकडे झुकलेली असते, मिंडेचा (तार ओढून सूर वळवणारा) डावा हात जवळ येतो.

डी-२०१: हे कुठेच लिहिलेलं नसतं 🙏 आता सामानाचं सांगा.

ए-३०१ काकू: मी सांगते. सतरंजी ६ बाय ४ ची, ती तिघांना पुरते. तुम्ही चौघं, तर एक सतरंजी आणि एक एकेरी चादर. एका माणसाला रुंदीला दोन फूट आणि खोलीला अडीच फूट एवढंच धरायचं. डबल बेडची चादर पसरून चौघांनी बसायचं नाही, अर्ध्या तासात शेजारची आजी तुमच्या चादरीवर असेल आणि ती बरोबर असेल. सतरंजीखाली योगा मॅट घाला, ६ मिलिमीटरची पुरते. डिसेंबरात गारठा वरून नाही, जमिनीतून येतो. ९ नंतर शाल, कानटोपी.

ए-३०१ काकू: बसण्याचं म्हणाल तर पार्श्वभागाखाली ३ इंचाची उशी. कंबर गुडघ्यापेक्षा वर राहिली की पाय लवकर बधिर होत नाहीत.

ए-७०३: काकू, ३ इंचाच्या उशीने मागच्याचा कलाकारही झाकला जातो 😀

ए-३०१ काकू: म्हणून तर खांद्याला खांदा लावून एका ओळीत बसायचं नाही. पुढच्या दोन डोक्यांच्या फटीत आपलं डोकं. दोघं जरा पुढे, दोघं जरा मागे. आणि पाठ टेकायच्या त्या घडीच्या खुर्च्या बैठकीत आणू नका, त्या मागच्या दोन ओळींचं वाटोळं करतात. पाठ खरंच दुखत असेल तर खुर्चीचं तिकीट काढावं, त्यात कमीपणा नाही.

डी-२०१: आमच्यातला एकजण ऑफिसमधून ७ ला येणार. त्याची जागा चादर टाकून धरली तर चालेल?

बी-५०२ काका: इथेच सगळी भांडणं होतात. रिकामी चादर म्हणजे जागा नव्हे. माणूस बसलेला असेल तर शेजारी एकाची जागा लोक सांभाळून घेतात, तीही पहिला कलाकार बसेपर्यंत. तीन तास रिकामी ठेवलीत तर कोणीतरी घडी करून बाजूला ठेवणार, आणि तक्रार करायला तुम्हाला तोंड नाही.

सी-१०४: उशिरा येणाऱ्याने दोन कलाकारांच्या मध्ये यावं. एक उतरून दुसरा बसेपर्यंत मंच बदलणं, माइक लावणं, तानपुरे जुळवणं यात १५-२० मिनिटं जातात. तेवढ्यात निम्मी बैठक चहा-वड्याला उठते. पुढे सरकायची खरी वेळ तीच. तुम्हीही २ वाजता धडपडून पहिली ओळ धरायच्या मागे लागू नका. मधल्या भागात बसा आणि दुसऱ्या कलाकारानंतर जे घरी जातात त्यांच्या जागा घ्या. लहान मुलं आणलेले साडेआठ-नऊला हमखास निघतात.

डी-२०१: म्हणजे आम्हीही चहाला उठलो की आमची जागा जाणार!

सी-१०४: चौघं आहात, दोन-दोन करून उठा. आणि पहिल्या पाच मिनिटांत उठू नका, तेव्हा चहाच्या आणि स्वच्छतागृहाच्या रांगा सगळ्यात लांब असतात. कलाकार संपायच्या दहा मिनिटं आधी उठून जाणं वाईट दिसतं. त्यापेक्षा पुढचा कलाकार सूर लावत असताना शेवटच्या पाच मिनिटांत जा आणि धावत या.

ए-३०१ काकू: विलंबित (संथ लयीतलं गाणं) चालू असताना मात्र उठायचं नाही. बडा ख्याल चाळीस मिनिटं चालतो हे आधी लक्षात घेऊन पाणी प्यायचं. अगदीच अडलं तर राग संपून टाळ्या पडतात तेव्हा, वाकून. आणि ज्याला सारखं उठावं लागतं त्याने वाटेच्या कडेला बसावं. बाकीच्यांनी वाटेपासून तीन-चार माणसं आत, नाहीतर रात्रभर लोकांचे पाय मोजत बसाल.

डी-२०१: आणि पुढे जागा मिळालीच नाही तर? पडद्यावर बघावं लागेल?

सी-१०४: पडदा चांगला, पण तुम्ही किती मागे आहात ते बघा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १०० फूट मागे बसलात तर स्टेजवरची थाप कानाला ०.०९ सेकंद उशिरा पोचते. हात आधी खाली येतो, तबल्याचा ‘धा’ नंतर ऐकू येतो. द्रुत (जलद) लयीत डोळा आणि कान भांडायला लागतात. पडद्यावरचं चित्रही स्वतःचा थोडा उशीर घेऊन येतं, त्यामुळे कधी दोन्ही योगायोगाने जुळतात, कधी नाही. फार मागे असाल तर आलापाला डोळे मिटा, काही बिघडत नाही. ३५ फुटांवर हा फरक ०.०३ सेकंदाचा, कळतही नाही. म्हणून मघापासून तेच अंतर सांगतोय.

बी-५०२ काका: एक राहिलंच. शनिवारी लोक ७ नंतरच्या मोठ्या नावासाठी येतात आणि ४ ची वेळ सोडून देतात. रात्रीचे राग कुठल्याही मैफिलीत ऐकायला मिळतात, पण भीमपलास, मुलतानी हे दुपारचे राग समोर बसून ऐकायला मिळतात ते याच वेळी. ४ ला बसलेल्याला जागाही मिळते आणि मुलतानीही. रविवारी तर १२ लाच सुरू होतं, तेव्हा पहिल्या सत्रात पाय पसरून बसता येतं.

डी-२०१: ठरलं. अडीचला रांगेत, उजव्या अंगाला, ३५ फुटांवर, कॅमेऱ्याच्या पुढे. चौथा ७ नंतर मध्यंतरात येईल, त्याची जागा धरणार नाही.

ए-३०१ काकू: शाबास. मोठी सॅक नको हं, दारात तपासणीला वेळ जातो आणि मांडी घातल्यावर ठेवायला जागा नसते. खांद्याची पिशवी, मांडीवर मावेल एवढी. फोन बंद, निदान मुका. पुढे बसून पडदा उजळवून चित्रीकरण करणारा मागच्या दहा ओळींना दिसतो.

डी-२०१: काकू, ६ बाय ४ ची सतरंजी आमच्याकडे नाही. नवीन घ्यावी लागेल.

ए-३०१ काकू: घेऊ नकोस. गणपतीतल्या दोन पडून आहेत, वॉचमनच्या केबिनमागच्या कपाटात. निळी घे, लाल फाटलीय. परत ठेवताना झटकून.

सोसायटी ऑफिस: कपाटाची चावी बी-५०२ कडे आहे.

बी-५०२ काका: चावी शुक्रवारी संध्याकाळी न्या. शनिवारी दुपारी दीडला मी निघालेला असेन.