चिप फॅब आले, पण त्यांना लागणारं केमिकल आपल्याकडे बनणार का?

कुरकुंभकर_क्यूसी
नमस्कार मंडळी. मी कुरकुंभ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत क्यूसीला आहे, एमएस्सी झालंय. सध्या आमच्या साहेबांच्या डोक्यात इलेक्ट्रॉनिक ग्रेडचं, म्हणजे चिपसाठी लागणाऱ्या अतिशुद्ध केमिकलचं खूळ शिरलंय. म्हणतात धोलेऱ्यात टाटांचा 91,000 कोटींचा फॅब (चिप बनवायचा कारखाना) उभा राहतोय, साणंदला मायक्रॉन, आसामात जागीरोड, या सगळ्यांना ॲसिड-सॉल्व्हंट लागणारच ना, मग आपण का नाही द्यायचं, आपली प्युरिटी तर 99.9 आरामात येते. मला नवीन लॅबला टाकायचं म्हणतायत आणि इकडे माझ्या हातात एका फार्मा कंपनीची ऑफर आहे. यात खरंच दम आहे का नुसती हवा?

वेटबेंच_वाला
मित्रा, आधी ते 99.9 विसर. मी तैवानला एका फॅबमध्ये वेट प्रोसेसला आहे (वेफर, म्हणजे ज्यावर चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, ॲसिड वगैरेत धुवायचं काम), इथे टक्क्यांत कोणी बोलतच नाही. धातू पीपीटीत मोजतात, म्हणजे लाख कोटीत एक. वरच्या ग्रेडच्या ॲसिडला सोडियम, लोह, तांबं प्रत्येकी 10 पीपीटीच्या आत लागतं.

पेरॉक्साइडचंच घे. कल्याणची नॅशनल पेरॉक्साइड कित्येक वर्षं ते बनवते, आपल्याला काही नवीन नाही. पण साधं पेरॉक्साइड टिकावं म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालतात, फॉस्फेट किंवा कथिलाचे क्षार, आणि नेमकं तेच वेफरवर नको असतं. बरं तो काढला आणि धातूचा जरा अंश राहिला की मालाचं ड्रममध्येच विघटन व्हायला लागतं. म्हणजे टाकीपासून व्हॉल्व्हपर्यंत सगळं पीएफए (टेफ्लॉनसारखं प्लास्टिक) नाहीतर तसलंच लायनिंगचं हवं, भरायचं पण क्लीनरूममध्ये.

एचएफ (हायड्रोफ्लोरिक ॲसिड) तर अजून वांड. ते ज्या खनिजापासून बनतं त्या फ्लोरस्पारमधून आर्सेनिक येतं, त्याचं ट्रायफ्लोराइड एचएफच्या वाफेबरोबर वर चढतं, नुसत्या डिस्टिलेशनला दाद देत नाही. आधी ऑक्सिडाइझ करून पाच संयुजेचं करायचं, मग ते खाली राहतं. आणि आर्सेनिक सिलिकॉनमध्ये डोपंट असतं (अंशभर गेलं तरी त्याचे विद्युत गुणधर्म बदलतं), त्यामुळे तिथे चालढकल नाही.

खरेदी_खातं
वरच्या भाऊंनी केमिस्ट्री सांगितली, मी धंद्याचं सांगतो. फॅबला सॅम्पल दिलं की लगेच पीओ (खरेदीची ऑर्डर) येत नाही. आधी तुमचा डेटा, मग ऑडिट, मग डमी वेफर, मग खरे वेफर, यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात आणि तोपर्यंत तुमच्या प्लांटचं व्याज चालूच. एकदा पास झालात की ड्रमचा सप्लायर सोडा, गॅस्केट बदललं तरी आधी कळवायचं आणि परवानगी यायची वाट बघायची. आपल्याकडे शेठ मंडळींना हे झेपत नाही, कच्चा माल दोन रुपयांनी स्वस्त मिळाला की लगेच व्हेंडर बदलतात.

दुसरं म्हणजे व्हॉल्यूम. धोलेरा पूर्ण चालला तर महिन्याला 50,000 वेफर. आकडा मोठा वाटतो पण तेवढ्यावर देशात दहा सप्लायर जगणार नाहीत. आणि मर्कसारख्यांनी टाटा इलेक्ट्रॉनिक्सशी एमओयू केलेले आहेतच. फोटोरेझिस्टचा (प्रकाशानं वेफरवर नक्षी उमटवायला लावतात ते रसायन) तर विचारच नको, ते जेएसआर, टोकियो ओका, शिन-एत्सू अशा जपानी लोकांच्या हातात आहे. माझं मत विचाराल तर आपल्याला आधी गॅस, बल्क ॲसिड, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल, तळोज्याला दीपक फर्टिलायझर्स बनवतेच की) आणि पॅकेजिंगचं, म्हणजे तयार चिपला तारा जोडून कवचात बसवायचं सामान, लीडफ्रेम, बाँडिंग वायर वगैरे. साणंद आणि जागीरोडला पॅकेजिंगचेच प्लांट आहेत, तिथे प्युरिटीचा एवढा जाच नाही.

तळेगावचा_पाटील
आमच्या तळेगावला वेदांत-फॉक्सकॉन येणार होतं, 2022 ला गेलं गुजरातला, 2023 ला फॉक्सकॉनच बाहेर पडलं. मग पनवेलला अदानी-टॉवर, 83,947 कोटी, तेही काही पुढे सरकेना. मी आता यातलं काहीच मनावर घेत नाही 😄

जुना_खोड
पाटील, फॅब कुठे गेला यावरच आपली सगळी चर्चा संपते. मटेरियलवाल्याला फॅब शेजारीच हवा असं नाही (बल्क नायट्रोजन सोडून, तो प्लांट फॅबला चिकटूनच लागतो). ॲसिड कुरकुंभहून धोलेऱ्याला टँकरनं जाईल.

आणि हे सगळं आपण पहिल्यांदा करतोय असंही नाही. 80 च्या दशकात तामिळनाडूत मेट्टूरला मेटकेम सिलिकॉननं पॉलिसिलिकॉन (वेफरचा कच्चा माल) बनवायला घेतलं होतं, आयआयएससीचं तंत्र. मोहालीत एससीएल (सरकारी चिप कारखाना) सुरू झालं, 89 ला तिथे आग लागली. मालाला देशात गिऱ्हाईकच नसेल तर मटेरियलवाला किती दिवस तग धरणार? उलट कोरिया बघा. जुलै 2019 मध्ये जपाननं एचएफ, फोटोरेझिस्ट आणि फ्लोरिनेटेड पॉलिइमाइडवर निर्यातीचे निर्बंध आणले, तेव्हा सोलब्रेनसारख्या कंपन्यांनी एचएफ घरी वाढवलं. सॅमसंग, हायनिक्स दारातच होते, त्यांनाही गरज होती, म्हणून जमलं. फोटोरेझिस्टला मात्र त्यांचीही दमछाक झाली.

कुरकुंभकर_क्यूसी
सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. वेटबेंच दादा, आमच्याकडे आयसीपी-एमएस (धातूंचे सूक्ष्म अंश मोजायचं मशीन) आहे, फार्माच्या गिऱ्हाइकांसाठी आयसीएच क्यू3डीच्या (औषधातल्या धातूंच्या अंशांचा नियम) टेस्ट करतो त्यावर. त्यानं भागेल का?

वेटबेंच_वाला
मशीन कुठे ठेवलंय? साध्या लॅबमध्ये?

कुरकुंभकर_क्यूसी
हो, आणि शेजारच्या हूडमध्ये नायट्रिक डायजेशन चालू असतं 🙈

वेटबेंच_वाला
मग तुझा ब्लँकच (सॅम्पल न घालता घेतलेलं रीडिंग) शेकड्यानं पीपीटी दाखवेल, सॅम्पलचं तर पुढचं पुढे. साहेबांना विचार क्लीनरूम, पीएफएची भांडी आणि अल्ट्राप्युअर पाण्याचा प्लांट यांचं बजेट पास झालंय का. झालं असेल तर बिनधास्त जा, हे काम येणारी माणसं देशात फार कमी आहेत. ‘बघू पुढे’ म्हणाले तर फार्माच्या ऑफरवर सही करून टाक.