सुगम्यतेच्या सोयी आणि गुणांची बक्षिसे

व्हिडिओ गेममधील सुगम्यतेच्या सोयींमुळे, म्हणजे अपंगत्व किंवा दुखणे असलेल्यांनाही खेळता यावे म्हणून दिलेल्या पर्यायांमुळे, खेळातील आव्हान संपते आणि निष्ठेबद्दल, म्हणजे एकाच कंपनीचे ग्राहक राहिल्याबद्दल, मिळणारे गुण म्हणजे निव्वळ आमिष असते, अशी दोन मते ऐकू येतात. संधिवातामुळे उजव्या हाताची पकड कमजोर झाल्याने पहिले मत मला मुळीच मान्य नाही. २०२० साली आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या गेममध्ये अशा ६० हून अधिक सोयी आहेत आणि त्यांपैकी एकीमुळे एखादे बटण भराभर दाबत राहण्याऐवजी नुसते धरून ठेवता येते, त्याने शत्रूंची चलाखी तसूभरही कमी झाली नाही, माझ्या अंगठ्याच्या वेदना मात्र थांबल्या. मायक्रोसॉफ्टच्या २०१८ सालच्या अ‍ॅडाप्टिव्ह कंट्रोलरला, म्हणजे हालचालींवर मर्यादा असलेल्यांसाठी बनवलेल्या गेम-नियंत्रकाला, पाठीमागे ३.५ मिमीची १९ जोडस्थाने आहेत, त्यामुळे बटणाचे काम पायाखालच्या पेडलवरही सोपवता येते. पेडलसारखे हे जोडस्विच, म्हणजे बाहेरून जोडायची बटणे, मात्र वेगळे विकत घ्यावे लागतात आणि खरा खर्च तिथेच होतो.

गुणांबाबत मी इतके कठोर होणार नाही. निन्टेन्डो या गेम कंपनीच्या, मार्च २०२५ मध्ये बंद झालेल्या, सोनेरी गुणांच्या (गोल्ड पॉइंट्स) योजनेत डिजिटल खरेदीच्या सुमारे ५ टक्के परत मिळत, त्यासाठी हातांची परीक्षा नव्हती. याउलट एका योजनेत रोज खेळण्याची साखळी राखावी लागे आणि सांधे सुजलेल्या आठवड्यात माझी ती तुटली. अशा नियमांत विरामाची तरतूद हवी, तसेच जमलेले गुण जोडस्विचच्या खरेदीसाठीही वापरता यायला हवेत.