बाबांच्या पत्रांत नुसतं ‘मी मजेत आहे’. श्रीलंकेत रोजचा दिवस कसा जायचा?

माणदेशी_लेक :
बाबा जाऊन दोन वर्षं झाली. परवा ट्रंक आवरताना त्यांची 1987-88 सालची चौदा पत्रं सापडली. तेव्हा ते श्रीलंकेत पाठवलेल्या भारताच्या शांतिसेनेत, उत्तरेला जाफन्याकडे होते. प्रत्येक पत्रात तेच : ‘मी मजेत आहे, काळजी नसावी, बैलांना पेंड घालत जा.’ घरी त्यांनी कधी काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही, याचं आता फार वाईट वाटतं. लढायांबद्दल वाचायला मिळतं. मला त्यांचा साधा दिवस हवाय. कुणी होतं का तिथे?

हवालदार_सातारा :
ताई, मी महार रेजिमेंटच्या एका पलटणीत होतो. तेव्हा शिपाई, वय 22. जुलै 87 मध्ये भारत-श्रीलंका करार झाला तेव्हा वाटलं होतं बंदोबस्ताचं काम आहे. ऑक्टोबरमध्ये एलटीटीईशी, म्हणजे तमिळ वाघांशी, लढाईच सुरू झाली.

उजाडायच्या आधी ‘स्टँड-टू’. सगळे मोर्च्यात, म्हणजे लढायच्या आडोशात, रायफल रोखलेली, बोलायचं नाही, लख्ख उजाडेपर्यंत. तिन्हीसांजेला पुन्हा तेच. मोर्चे ताडाच्या ओंडक्यांचे आणि वाळूच्या पोत्यांचे. मग लंगरचा चहा, पुरी-भाजी. दुपारच्या पुऱ्या पाठीवरच्या पिठ्ठूत घालायच्या, खायच्या वेळेपर्यंत त्या चामड्यासारख्या व्हायच्या.

त्यानंतर रोड ओपनिंग. रसदीच्या गाड्या सुटण्याआधी रस्ता पायी तपासायचा. सुरुंग रस्त्याखाली, वायर शेतातून लांब गेलेली, आणि तिच्या टोकाला दबा धरून बसलेला माणूस. म्हणून काहीजण रस्त्यावर, बाकीचे दोन्ही बाजूंच्या शेतांतून चालायचे. मी शेतकऱ्याचा मुलगा. तिकडची माती तांबडी, उन्हाने वरून फिकी पडलेली. कुणी उकरून परत बुजवली की खालची गडद माती वर येते, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तो पट्टा दिसतो, भुईमूग उपटलेल्या सरीसारखा. एकदा असा पट्टा दिसला आणि मी हात वर केला. सगळे आडवे. बोटांनी माती सारली तर काळी वायर. त्या दिवशी तीन किलोमीटरला चार तास लागले.

पण पाऊस पडला की हा डोळा कामाचा नाही. तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आपल्याकडे उघडीप असते तेव्हा. मग सगळीच माती गडद. त्या दिवसांत पाऊल टाकताना घशाला कोरड पडायची.

दुपारी घरझडती. आम्ही तांदळाचे डबे उपसायचो आणि त्या घरातली पोरं अंगणात ओळीने उभी राहून बघायची. भाषा येत नव्हती, काही बोलता यायचं नाही. ते आजही मनाला टोचतं.

पत्रात हे काय लिहिणार? जागेचं नाव लिहायला बंदी. सुरुंगाचं आईला कळवून तिची झोपच गेली असती. ‘मजेत आहे’ म्हणजे आज परत आलो, एवढंच.

फौजीची_मंडळी :
माझे मालक पण तिकडेच होते. पोस्टमनने पत्र दिलं की मी आधी तारीख बघायची. सतरा दिवसांपूर्वीची असली, तर सतरा दिवसांपूर्वी बरे होते, एवढंच कळायचं. गावात लोक म्हणायचे, शांतिसेना आहे ना, मग कसली काळजी? अकराशेच्या वर जवान परत आले नाहीत हो. ताई, पत्रं तारखेने लावा. कुठे मोठं अंतर पडलंय का बघा.

माणदेशी_लेक :
लावली. 11 नोव्हेंबर 87 नंतर एकदम 19 डिसेंबर. त्या पत्रात एक ओळ जास्त आहे : ‘इकडे पाऊस फार आहे, माती ओळखू येत नाही.’ मी ती पिकापाण्याची समजत होते. काका, तुमचं उत्तर वाचल्यापासून तेच पत्र हातात घेऊन बसलेय.

हवालदार_सातारा :
ताई, तो महिना फार वाईट होता. 25 नोव्हेंबरला आमच्या रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन गेले. छातीत गोळी लागली असतानाही समोरच्याची रायफल हिसकावून घेतली होती त्यांनी. पुढे परमवीर चक्र मिळालं.

पत्राच्या मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता असेल. त्यात नावाच्या आधी आर्मी नंबर आणि खाली पलटण. नंबर इथे टाकू नका, फक्त पलटण कळवा. साताऱ्यात तिकडे गेलेले बरेच जुने लोक आहेत. बाबांसोबत चाललेलं कुणी सापडतंय का, मी विचारून बघतो.