ओवी शांत असते की दमलेली? आणि तिला बासरी हवीच का?

काजळी:
गेल्या आठवड्यात मित्राने जात्यावरच्या ओव्यांचं एक नवं ध्वनिमुद्रण पाठवलं. आधी बासरी, मग तंबोरा, मग घुमवलेला, कापसासारखा बाईचा आवाज. मागे पाखरं. जात्याची घरघरही होती, पण चार-पाच सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवलेला. दोनदा ऐकलं, गोड वाटलं. तिसऱ्यांदा वैताग आला आणि का आला ते शोधत बसलो.

माझं म्हणणं असं: ओवीचा मऊपणा गळ्यातला नाही, दगडातला आहे. दगड काढला किंवा खोटा बसवला की उरते ती अंगाई.

लहानपणी आत्याचं जातं रोज ऐकलंय. वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात टाकायची दाण्यांची मूठ, घातली की घरघर खाली बसायची, भरदार व्हायची. दाणे सरत आले की दगडाला दगड लागायचा, आवाज कोरडा आणि चढा व्हायचा. नेमकी तिथे तिची ओळ थांबायची. डावा हात सुपात, मूठ जात्याच्या तोंडात, की ओळ पुढे. ती थांबायची जागा ज्वारी ठरवायची. खुंट्यावर बांगड्या वाजायच्या, त्याही एकसारख्या नाही, ओढताना एक आणि लोटताना एक. आणि पीठ कोमट यायचं. तो वास आणि ती चाल मला अजून वेगळी करता येत नाही. 'जात्यावर बसलं की ओवी सुचते' म्हणतात, ते उगाच नाही.

सुपातली:
छान लिहिलंय, पण एक विचारते, रागावू नका. तुम्ही जातं ऐकलंत. ओढलंत कधी?

माझी आई पहाटे उठून दळायची. हळू गायची कारण माजघरात सासरे आणि पोरं झोपलेली असायची. ओळी आखूड कारण दम पुरवायचा असायचा. 'गं बाई' वर सूर लांबतो ना, ज्याला तुम्ही लोक चिंतन म्हणता, तिथे ती पुढची ओळ जमवत असायची आणि खांदा बदलत असायची. शब्द ऐका जरा. सासरचा जाच, न आलेला भाऊ, लांब दिलेली लेक. हे सगळं शांत कुणाला वाटतं? ज्याला भाकरी आयती मिळाली त्याला.

काजळी:
नाही ओढलं. मान्य. पण ताई, तुम्ही माझीच बाजू मांडताय. आवाज दमामुळे मऊ आहे, तर दम काढून टाकून नुसता मऊपणा विकणं खोटं नाही का?

सुपातली:
तुमची बाजू नाही मांडत. तुम्ही दगडाला श्रेय देताय, मी बाईला देतेय.

दगडूशेजारी:
पाखरं तरी काढा राव. पहाटे चारला कोण किलबिलतं?

माइकमागे:
मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो, म्हणून थोडं उलटं बोलतो. खोलीत बसलात की तुमचा कान घरघर मागे सारतो आणि शब्द पुढे ओढतो. माइकला ते जमत नाही. खरं जातं फिरत असताना मुद्रण केलं तर अर्धे शब्द त्यात दळले जातात. मग एकतर आवाज वेगळा घ्यायचा नाहीतर जातं. तुकडा फिरवत ठेवणं हा आळस आहे, ते कबूल. वैरण संपल्याचा चढा आवाज कुणी घेतच नाही, तोही कबूल. पुढच्या वेळी मी घेईन.

पण 'दगड नाही तर ओवी नाही' हे पटत नाही. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. १९९० च्या दशकात त्यातल्या बऱ्याच ध्वनिमुद्रित झाल्या, आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्यातल्या काहींत जातं ऐकूच येत नाही. बासरी नाही, घुमवणं नाही, मध्येच कुणीतरी खोकतं. तरी ओळ तशीच झुलते, पहिली जराशी ओढलेली, दुसरी सुटलेली. आणि मी तिथवर कसा पोचलो माहितीये? अशाच एका बासरीवाल्या गाण्यामुळे.

काजळी:
झुलते कारण त्या बायकांच्या अंगात जातं मुरलंय. स्टुडिओतल्या गायिकेच्या अंगात ते कुठून येणार?

माइकमागे:
रियाजातून. सगळं अंगात मुरल्याशिवाय गायचं नाही म्हटलं तर कोळीगीत फक्त होडीतच गावं लागेल.

पोथीनिष्ठ:
जरा मागे जाऊ. 'मानसोल्लास' या १२व्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात चालुक्य राजा सोमेश्वराने महाराष्ट्रातल्या बायका ओवी गातात अशी नोंद केली आहे. पण दळताना नाही, कांडताना! मुसळ. म्हणजे घरघर नाही, धप्प धप्प. काजळीबुवांचा दगडाचा सिद्धांत मुसळाने फुटला.

काजळी:
मुसळ काय हलकं असतं?

पोथीनिष्ठ:
जड असतं. पण ठोका वेगळा. जातं गोल फिरतं, त्यात सम (तालाची पहिली मात्रा) कुठे आहे ते कळत नाही. मुसळात प्रत्येक घाव म्हणजे सम. एकच ओवी दोन्हीकडे गायली गेली असेल, तर मऊपणा तुमच्या दगडाचा म्हणता येणार नाही. (ग्रंथातल्या ओवीची तेव्हाची चाल कुणालाच माहीत नाही, हे मात्र माझ्या विरोधात जातं.)

सुपातली:
कांडणाची ओवी मी ऐकली आहे. मऊ नव्हती. दोघी समोरासमोर, एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली, ओळ तुटक तुटक यायची. ऐकताना दचकायला व्हायचं. तेव्हा काजळीभाऊ, अर्धा गुण घ्या.

काजळी:
अर्धा पुरे.

उंबरठा:
सगळं वाचून काल आईला तेच बासरीवालं गाणं ऐकवलं. वय ८१. तरुणपणी रोज दळायची. डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, "गळा चांगलाय पोरीचा. पण इतकं सावकाश ओढलं तर हिचं दळण व्हायचं कधी?"

मी हसलो आणि बंद करायला गेलो, तर म्हणाली, "असू दे. लाव परत."