बैल, पाल अन् शून्य सावली: लातूरच्या एका सोसायटीच्या ग्रुपवरचा रविवार

तात्या (सी-४०१), सकाळी ७:४०
🌹 सुप्रभात 🌹 सुट्टीत मुलांना मोबाइलपासून दूर ठेवा, ही माहिती वाचून दाखवा 👇
१) लाल रंग दिसला की बैल चवताळतो. २) चीनची भिंत चंद्रावरून दिसते. ३) ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. ४) गोल्डफिशला फक्त तीन सेकंद आठवतं. ५) माणूस मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो. पुढे पाठवा, ज्ञान वाटल्याने वाढते 🙏

ए-३०४
तात्या, मोबाइलपासून दूर ठेवायचं अन् वाचून मोबाइलवरूनच दाखवायचं 😄 पण वाचलं. आमची बारकी ऑक्टोपसवर अडकून बसलीय. एक हृदय बंद पडलं तर तो दोनावर चालतो का, विचारायली.

सर (बी-१०१)
नाही चालत, कारण तिघांची कामं वाटून दिलेली आहेत. दोन हृदयं रक्त कल्ल्यांकडे ढकलतात, तिसरं बाकीच्या अंगाला पुरवतं. अन् तिला हेही सांगा की त्याचं रक्त निळसर असतं. आपल्या रक्तात लोह, त्याच्या रक्तात तांबं. तात्यांची तिसरी गोष्ट पक्की आहे. बाकीच्या चारांबद्दल मात्र बोलावं लागेल.

तात्या (सी-४०१)
सर, हे आमच्या व्याह्यांनी पाठवलंय. ते प्राध्यापक होते.

बी-२०२
व्याही कशाचे का असंनात, बैलाचं साफ खोटं हाय. पोळ्याला आम्ही औशाच्या रानात बैलाच्या शिंगाला हिंगूळ लावायचो. अंगावर लाल झूल, कपाळाला लाल गोंडे, गळ्यात घुंगरमाळ. समोर आमचे वडील लाल पागोटं बांधून ओवाळायला उभे. बैल चवताळायचा असता तर वडील पहिल्याच पोळ्याला आटोपले असते. तो गडी पुरणाची पोळी खायचा अन् आणखी एक मागायचा.

सर (बी-१०१)
याहून चांगला पुरावा मीही देऊ शकणार नाही. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, गाय-बैलांच्या डोळ्यांत दोनच. लाल रंग त्यांना आपल्यासारखा लालभडक दिसतच नाही. स्पेनमधल्या झुंजीत बैल धावून जातो तो कापड हलतं म्हणून. निळं कापड तसंच झटकलं तरी धावेल.

ए-३०४
मग आपण हिंगूळ लावतो तो बैलाला कसा दिसतो? (प्रश्न बारकीचा आहे, माझा नाही.)

सर (बी-१०१)
मळकट पिवळा-तपकिरी असा काहीतरी असावा. त्याच्या डोळ्यांत शिरून बघता येत नाही.

बी-२०२
म्हणजे एवढा शृंगार आपल्याच डोळ्यांसाठी. गेली की मजा.

सेक्रेटरी
आज नळाला पाणी येणार नाही. टँकर ११ वाजता. सी विंगवाल्यांनी गेटसमोरच्या गाड्या काढून घ्याव्यात. कृपया नोंद घ्यावी.

पुण्याचा दादा (ए-१०४)
चीनच्या भिंतीचं तर आमच्या शाळेत शिकवलेलं आहे सर. तेही खोटं?

सर (बी-१०१)
खोटं. भिंत हजारो किलोमीटर लांब आहे, पण रुंदीला काही मीटरच. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. भिंत दिसत असती तर तिच्याहून रुंद असलेले आपले चौपदरी रस्ते आधी दिसले असते. लेकराला एवढंच विचारायचं, रस्ता का दिसत नाही मग? ते स्वतःच उत्तर काढतं.
गोल्डफिशला कित्येक आठवडे, महिने आठवतं, ते शिकवून बघितलेलं आहे. मेंदूचं १० टक्क्यांचंही तसंच. स्कॅनमध्ये बघितलं तर सगळे भाग कधी ना कधी कामाला लागलेले दिसतात, झोपेतसुद्धा.

तात्या (सी-४०१)
पाचातलं एक खरं. म्हणजे आम्ही ग्रुपवर काही पाठवायचंच नाही का?

सर (बी-१०१)
पाठवा की तात्या, तुमच्यामुळेच तर लेकरं जागी झाली. माझं म्हणणं इतकंच आहे की ज्याचा पडताळा लेकराला घरातल्या घरात घेता येतो ते आधी सांगावं. ऑक्टोपस आपण लातुरात कुठून आणणार? पाल आहे, माठ आहे, काळी माती आहे. यांच्यात एवढं भरलंय की सुट्टी पुरणार नाही.

बी-३०३
पाल नको ना सर 🙈

सर (बी-१०१)
पालीपासूनच सुरू करू. ती भिंतीला कशी चिकटते? सगळे म्हणतात पायाला गोंद असतो. गोंद अजिबात नसतो. तिच्या बोटांखाली डोळ्याला न दिसणारे अतोनात बारीक केस असतात, त्यांची टोकं पुन्हा फाटलेली. ही टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की दोन्हींच्या रेणूंमध्ये ओढ तयार होते. एका टोकाची ओढ नगण्य, सगळ्यांची मिळून पाल छताला उलटी लटकते. कोरड्या नॉनस्टिक तव्यावर मात्र तिची पकड सुटते.

बी-३०३
सर!!! आमच्या चिरंजीवांनी हे वाचलं आणि तवा घेऊन गॅलरीत गेलाय. नवीन तवा आहे हो.

बी-२०२
😂😂 पाल सापडली की ग्रुपवर टाका.

सर (बी-१०१)
त्याला म्हणावं, पाल पकडायला गेलास तर ती शेपटी सोडून पळेल. तुटलेली शेपटी वळवळत राहते, मांजर तिच्याकडे बघत बसतं, तोवर पाल पसार. शेपटी पुन्हा येते पण पहिल्यासारखी नसते. जुनीत हाडाचे मणके, नवीत कूर्चा. घरातल्या पाली नीट बघा, एखादीची शेपटी बाकी अंगापेक्षा वेगळ्या रंगाची दिसेल. तिची एकदा तुटून आलेली.

आजी (सी-१०१)
मी बोलून टाईप करते चूक भूल माफ. माठाचं सांगा सर. आमच्या सूनबाईनं हौसेनं माठाला ऑइलपेंट दिला. वरून वारलीची चित्रं काढली, दिसायला लई देखणा. पण पाणी काही गार होईना. मी म्हणले माठ बिघडला. ती म्हणते माठ कुठं बिघडतो का.

सर (बी-१०१)
आजी, लेकरांसाठी याहून चांगला प्रयोग नाही. मातीच्या माठाला बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी बाहेर पाझरतं आणि वाळतं. वाळायला उष्णता लागते, ती माठातल्या पाण्यातून खेचली जाते. ऑइलपेंटनं छिद्रं बुजली, पाझर थांबला, गारवाही थांबला. माठ आता स्टीलच्या पातेल्यासारखा झाला.
कूलरचं गणित हेच. मे महिन्यात आपली हवा कोरडी असते म्हणून कूलर गार करतो. जुलैत हवेतच पाणी भरलेलं, वाळायला वाव नाही, तेव्हा तोच कूलर नुसता चिकचिक करतो.

आजी (सी-१०१)
म्हणजे माठ फेकायचा का. चित्र छान आलंय.

ए-३०४
फेकू नका आजी, गॅलरीत तुळस लावा त्यात. आमच्या बारकीचा दुसरा प्रश्न. मागच्या मंगळवारी तुळजापूरला गेलो होतो, तिथून कवड्यांची माळ आणलीय. कवडी कुठल्या झाडाला येते, म्हणायली.

बी-२०२
हे मलाबी आजपर्यंत माहीत नव्हतं, खरं सांगतो. बी असंल असंच वाटायचं.

सर (बी-१०१)
कवडी म्हणजे समुद्रातल्या एका गोगलगायीचं घर. जिवंत असताना तिचं मऊ अंग शिंपल्याच्या बाहेरून वर येऊन त्याला झाकून घेतं, त्यामुळे शिंपला घासला जात नाही. कवडी इतकी गुळगुळीत अन् चकचकीत असते ती त्यामुळेच. बारकीला कवडी उलटी करून तिचे दाते मोजायला लावा.
आणि ती समुद्रापासून एवढ्या दूर कशी आली? मालदीव बेटांवरून कवड्या जहाजं भरभरून बंगालात यायच्या, आफ्रिकेपर्यंत जायच्या. शेकडो वर्षं माणसांनी त्या पैसे म्हणून वापरल्या. आपल्या आराध्यांच्या गळ्यातल्या माळेमागं एवढा मोठा समुद्र आहे.

सेक्रेटरी
टँकर आला. बी विंगची मोटर सुरू केली आहे. टाकी भरल्यावर ज्यांच्या गॅलरीत पाणी सांडतं त्यांनी बॉल कॉक बदलून घ्यावा, तिसऱ्यांदा सांगतोय.

बी-३०३
तवा वाचला. पाल ट्यूबलाइटमागं गेली. आता पोरगं विचारतंय, लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं हे खरं का? त्याला हेही फॉरवर्डच वाटायलंय.

सर (बी-१०१)
हे शंभर टक्के खरं. एप्रिल २०१६. मिरजेहून जवळपास साडेतीनशे किलोमीटर. पहिल्या खेपेला दहा टाक्या, साधारण ५ लाख लिटर. त्याला २० लिटरच्या जारचा हिशोब करायला सांगा, किती जार झाले? उत्तर इथं टाकू नका, पोरांना काढू द्या.

बी-३०३
२५,००० म्हणाला. तोंडी 💪

बी-२०२
हुशार हाय लेकरू. सर, काळ्या मातीचं राहिलं. उन्हाळ्यात रानात एवढ्या भेगा पडतात, माझा हात कोपरापर्यंत आत जायचा लहानपणी. आई ओरडायची, आत इच्चू असंल म्हणून.

सर (बी-१०१)
आई बरोबर सांगायची, भेगेत हात घालू नये. या मातीत एक प्रकारची चिकणमाती असते, तिचे कण पापुद्र्या-पापुद्र्याचे. पाणी आलं की पापुद्र्यांमध्ये शिरतं, माती फुगते. वाळली की आक्रसते आणि फाटते. ही माती झाली आपल्याखालच्या काळ्या दगडापासून, आणि तो दगड म्हणजे ज्वालामुखीतून थरावर थर वाहून थिजलेला लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. डायनासोर संपले त्याच काळातला.
घरी करायचं तर असं करा. कुंडीतली लाल माती अन् रानातली काळी माती दोन ताटल्यांत कालवून गच्चीवर वाळवा. काळीत भेगा पडतील, त्यांचा रोज फोटो काढा.

तात्या (सी-४०१)
सर, एक विचारू का. हे सगळं ठीक, पण पोरांना एकदम तोंडात बोट घालायला लावणारं काही नाही का, आपल्या लातूरचंच?

सर (बी-१०१)
आहे, आणि तारीख जवळ आलीय. १३ मेच्या आसपास दुपारी साधारण १२ वाजून २० मिनिटांनी सूर्य लातूरच्या बरोबर डोक्यावर येतो. उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखालीच जाते, बाजूला काही उरत नाही. वर्षातून दोनदा होतं. दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीस, पण तेव्हा ढग असतात. दिल्लीवाल्यांना हे कधीच दिसत नाही, दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे.
१२ ला का नाही, हे मोठी पोरं विचारतील. आपल्या घड्याळाची वेळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखांशावरून धरलेली आहे. आपण तिथून सहा अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून चोवीस मिनिटं उशीर. मे महिन्यात सूर्य स्वतः चारेक मिनिटं लवकर येतो, ती वजा.

बी-२०२
अन् पुण्याला?

सर (बी-१०१)
तारीख जवळपास तीच. वेळ दहा-अकरा मिनिटं उशिरा, ते आणखी पश्चिमेला आहेत ना.

बी-२०२
लातूर आधी, पुणं मागनं!! हा मेसेज पिन करा कुणीतरी.

सेक्रेटरी
१३ तारखेला १२ वाजता गच्ची उघडतो. चावी वॉचमनकडं. पाण्याच्या टाकीवर कुणी चढणार नाही. लेकरांच्या पायात चप्पल, डोक्यावर टोपी हवीच, फरशी तापलेली असते.

सर (बी-१०१)
प्रत्येकानं एक सरळ उभा राहील असा स्टीलचा पेला उपडा ठेवायचा. पंधरा मिनिटं आधीपासून खडूनं सावलीची कड आखत राहायची. सूर्याकडे बघायचं नाही, फक्त खाली फरशीकडे.

ए-३०४
मी ताक आणते सगळ्यांना. किती पोरं असतील तेवढं सांगा.

पुण्याचा दादा (ए-१०४)
मी इथं टेरेसवर १२:३१ ला बघून फोटो टाकतो.

बी-२०२
टाक की. आम्ही तवर ताक पिऊन आडवे झालेले असू.