‘ड्यून’मधली तहान: पुस्तकात भेटली, सिनेमात नाही

भीमाकाठ:
फ्रँक हर्बर्टची १९६५ची ‘ड्यून’ अखेर वाचून संपवली आणि लगेच डेनी विल्नव्हचे दोन्ही सिनेमे (२०२१ आणि २०२४) पुन्हा बघितले. अराकिस हा वाळवंटी ग्रह, तिथे राज्य करायला आलेलं ड्यूक लेटोचं घराणं आणि वाळूत राहणारे फ्रेमेन लोक, अशी ती गोष्ट. माझं म्हणणं असं की सिनेमाने वाळवंट डोळे भरून दाखवलं, पण तहान घालवली.

पुस्तकात एक मेजवानी आहे. दारापाशी हात धुवायला घंगाळं मांडलेली. तिथली रीत अशी की पाहुण्याने हात बुडवायचे, दोन-चार पेले पाणी मुद्दाम फरशीवर सांडायचं आणि हात पुसलेला टॉवेल त्याच डबक्यात फेकायचा. बाहेर भिकारी थांबलेले असतात, त्या टॉवेलांतून पिळून निघेल त्या पाण्यासाठी. लेटो ही रीत मोडतो आणि जेवणं चालू असेपर्यंत दारात येईल त्याला पेलाभर पाणी द्यायला सांगतो.

हे वाचताना मला आमची मोरी आठवली. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि आलं की आधीचं ‘शिळं’ म्हणून ओतून द्यायचं, पिंप घासायचं, नव्याने भरायचं. मीही कितीदा ओतलंय. त्या पानापासून हात थांबतो.

हा प्रसंग सिनेमात नाही. वाड्यातली बंदिस्त हिरवी बाग, जिथे पाणी लागणारी परग्रहावरची झाडं जपलेली आहेत, तीही नाही. लढायांची दहा मिनिटं कमी केली असती तर दोन्ही बसलं असतं.

सातरस्ता:
अजिबात पटलं नाही. खजुराची झाडं विसरलात का? माळी भर उन्हात पाणी घालतोय. एक झाड पाच माणसांचं पाणी पितं, झाडं वीस, म्हणजे शंभर जीव. हिशोब पुस्तकातलाच, पण पडद्यावर तो एका मिनिटात काळजाला भिडतो. फ्रेमेनांचा म्होरक्या ड्यूकसमोर टेबलावर थुंकतो तेव्हा सगळे हत्याराला हात घालतात, आणि मग कळतं की त्याने अंगातला ओलावा भेट दिलाय. दुसऱ्या भागात मेलेल्यांचं पाणी कुंडात साठवलेलं आहे, तहानेने जीव गेला तरी ते कोणी पीत नाही. यापेक्षा जास्त तहान कशी दाखवायची? मेजवानीत पानंच्या पानं लोक बोलत बसतात. तसं पडद्यावर चाललं असतं तर थिएटर रिकामं झालं असतं.

कडकभाकरी:
मला भीमाकाठ यांची तुलनाच खटकते. अराकिसवर पाणी का नाही, याला पुस्तकात कारण आहे. वाळूतले जीवच ते कोंडून ठेवतात. आपल्याकडे तसं काय आहे? सोलापूरला पाणी देणारं उजनी धरण ११७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा, हे धरून चालू. २०२४च्या उन्हाळ्यात धरण लै खाली मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्यात गेलं, आणि त्याच पावसाळ्यात शंभर टक्के भरलं. भरल्यावर तरी नळाला रोज पाणी आलं का? वाळवंटाची उपमा दिली की सगळा दोष उन्हावर जातो आणि वाटपाचं कोणी विचारत नाही. विज्ञानकथेत आपलं गाव शोधताना मला ही भीती वाटते.

भीमाकाठ:
पण मेजवानी वाटपाबद्दलच आहे! ग्रह कोरडा, तरी वाड्यात बाग. बाहेर माणसं ओठ चाटत उभी, आत पाणी फरशीवर. तुमचा मुद्दा पुस्तकाने मांडलाय, आणि सिनेमाने गाळला तो नेमका हाच.

कडकभाकरी:
बागेचं प्रकरण माझ्या डोक्यातून गेलं होतं. तेवढं मान्य.

रात्रपाळी:
मी पुस्तक शंभर पानांवर सोडलं. इंग्रजी अवघड, त्यात अर्धे शब्द लेखकाने घडवलेले, दर पानाला मागची शब्दसूची उघडायची. सिनेमा नसता तर ही गोष्ट मला कळलीच नसती. आईने पहिला भाग हिंदीत माझ्या मोबाइलवर बघितला. तीस वर्षं विड्या वळल्या तिने, दुसरीपुढे शाळा नाही. खजुराच्या झाडांपाशी तिने सिनेमा थांबवायला लावला आणि म्हणाली, “एका झाडाच्या पाण्यात आपलं अख्खं घर भागलं असतं की रे.” भीमाकाठ, तुम्हाला जे पुस्तकात मिळालं ते तिला त्या एका दृश्यात मिळालं. म्हणून सिनेमाने तहान घालवली, हे मला मान्य नाही.

भीमाकाठ:
तुमच्या आईंच्या बाबतीत मी चुकलो, तहान पोचली. तरी मेजवानी त्यांना सांगाच, मराठीत. वर माझी एक गोष्ट लिहायची राहिली: टॉवेल पिळून ते पाणी भिकाऱ्यांना विकायचं आणि दोन पैसे मिळवायचे, असं घरकामाच्या बाईने मनात धरलेलं असतं. लेटोला ते तिच्या तोंडावर दिसतं. त्याच्या हुकमाने ते बुडतं.

रात्रपाळी:
काल रात्री सांगितली. टॉवेलापर्यंत आई गप्प होती. पेलाभर पाण्याचं ऐकून “बरं केलं त्याने” म्हणाली. मग बाईचं सांगितलं, तर उठून बसली. “तिचे पैसे बुडाले ना, मग तिला पगार वाढवून दिला का त्याने?”